केमन जीटी४ की एम२ मॅन्युअल? (राहायला घोडबंदर, ट्रॅक कोइंबतूर)

वागळेचा_डायवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४७. वागळे इस्टेटला डाय-मोल्डचं छोटं वर्कशॉप, राहायला घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे. घरात एक इनोव्हा आहे (ती घराची) आणि एक जुनी पोलो जीटी टीएसआय आहे (ती माझी). गेल्या वर्षी पोलो फ्लॅटबेडवर घालून कोइंबतूरला करी स्पीडवेला ट्रॅक डेला (म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) गेलो आणि तिथून परत आलो तो माणूसच वेगळा, असं बायको म्हणते. २.१ किलोमीटरचा तो छोटासा ट्रॅक, पण सहाव्या राऊंडला ब्रेकचं पेडल मऊ व्हायला लागलं तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं गाडी चालवत नव्हतो, नुसते बसून जात होतो.

मशीनवरचं कर्ज या दिवाळीला संपलं. आता एकदाच, आयुष्यात एकदाच, खरी गाडी घ्यायची आहे. सेकंडहँड चालेल. बजेटचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अख्खा धागा त्याच्यावरच जाईल. दोन गाड्या मनात आहेत:

पोर्श ७१८ केमन जीटी४, ४ लिटरचं टर्बो नसलेलं फ्लॅट-सिक्स (सहा सिलिंडर आडवे) इंजिन मधोमध, ४२० पीएस (हॉर्सपॉवर धरा), ८००० आरपीएम, ६ गिअर हाताने.

बीएमडब्ल्यू एम२, नवी म्हणजे जी८७, ३ लिटर इनलाइन-सिक्स (सहा सिलिंडर एका ओळीत) ट्विन टर्बो, २०२३ च्या गाडीला ४६० पीएस, ही पण हाताच्या गिअरचीच.

ऑटोमॅटिक नको, त्यावर कृपया वाद नको. वर्षातून दोनदा ट्रॅक, बाकी रस्ता. सांगा.

येऊरचा_बिबट्या

दादा, घोडबंदरला राहता आणि ८००० आरपीएमची गाडी विचारता?? कापूरबावडी ते गायमुख सकाळी नऊला जाऊन दाखवा, दुसरा गिअर पडला तर माझ्याकडून पार्टी.

खारघरचा_नाना

माझ्याकडे एम२ आहे, हीच, २०२३ ची, मॅन्युअल. म्हणून हक्काने लिहितो.

आधी चांगलं. मागे सीट आहे. हे ऐकायला फालतू वाटतं पण मागच्या सीटमुळे ही गाडी घरात "आपली गाडी" होते, नाहीतर ती "तुमचं ते" राहते. सर्व्हिसला त्रास नाही. ५५० एनएमचा टॉर्क खालूनच मिळतो, साधारण २६५० आरपीएमपासून, त्यामुळे तिसऱ्या गिअरला टाकून सायन-पनवेलवर आरामात जा, ओव्हरटेक करायला गिअर पाडायची गरजच नाही. शनिवारी पहाटे अटल सेतूवरून जाऊन येतो, १०० ची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो (कॅमेरे आहेत हो), तरी मजा येते.

आता वाईट. जड आहे. १७०० किलो. पहिल्या पिढीच्या एम२ वाले मला रोज ऐकवतात. आणि टायर पुढे १९ इंची मागे २० इंची, २७५/३५ आणि २८५/३०, पावसाळ्यात कळंबोलीच्या सर्कलला एक खड्डा पाण्याखाली होता, टायरची साइडवॉल गेली आणि रिमला वाकण. पुढचं विचारू नका.

वागळेचा_डायवाला

नाना, मनापासून आभार. माझी मुलगी ९ वर्षांची आहे त्यामुळे मागच्या सीटचा मुद्दा लागलाच. पण गंमत सांगू का, बायकोच म्हणते घ्यायची तर दोन सीटचीच घे, इनोव्हा आहे ना, चार सीटची घेतलीस तर उगाच सगळ्यांना न्यावं लागेल.

एक धंद्यातला मुद्दा. एम२ चं ते एस५८ इंजिन, त्याच्या सिलिंडर हेडचा कोअर (ओतकामात आतली पोकळी करणारा साचा) थ्रीडी प्रिंटिंगने केलेला असतो. आम्ही कास्टिंगची डाय बनवतो, कोअर म्हणजे काय डोकेदुखी असते ते आम्हाला विचारा. कूलंटच्या वाटा हव्या तशा वळवता येतात त्याने. त्यामुळे इंजिनिअर म्हणून मन तिकडे ओढतं आणि माणूस म्हणून केमनकडे.

सीवूड्स_०४२

यात विचारायचं काय आहे. जीटी४ चा न्युर्बुर्गरिंगचा (जर्मनीतला तो प्रसिद्ध ट्रॅक) टाइम ७:२८ आहे, एम२ चा ७:३८. दहा सेकंद!! विषय संपला. एम२ ही जाड माणसाने घातलेला टाइट टीशर्ट आहे.

येऊरचा_बिबट्या

@सीवूड्स न्युर्बुर्गरिंग वाघबीळच्या अलीकडे लागतं की पलीकडे?

गिअरवाली

हसू आलं पण बिबट्याचं बरोबर आहे. मी ऑटोक्रॉस (कोन लावून आखलेल्या वाटेवर वेळ लावून गाडी चालवणं) करते, आणि गेली काही वर्षं ट्रॅक डेला जाते, करी आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा, एकदा ग्रेटर नोएडाचा बुद्ध. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, वेळ असेल तर वाचा.

दादा, तुमच्या पोलोचं पेडल सहाव्या राऊंडला मऊ झालं ना, तिथूनच सुरुवात करू. ब्रेक म्हणजे काय तर वेगाची उष्णता करायचं यंत्र. एक हिशोब करून बघा. बुद्धच्या लांब सरळ पट्ट्यावर, जो एक किलोमीटरहून मोठा आहे, गाडी समजा २०० वर गेली आणि पुढच्या वळणासाठी ८० वर आणली. १७०० किलोच्या गाडीत त्या एका ब्रेकिंगला साधारण २२ लाख ज्यूल उष्णता होते. म्हणजे घरातलं सात लिटर पाणी पार उकळीला न्यायला लागते तेवढी, आणि ती जाते चार डिस्कमध्ये काही सेकंदांत. जीटी४ १४२० किलोची आहे, तिथे तेच काम सुमारे सहा लिटरचं. एक लिटरचा फरक ऐकायला काहीच नाही पण एका राऊंडला अशी पाच-सहा ब्रेकिंग, आणि पंधरा-वीस राऊंड. पॅड, डिस्क, टायर, सगळ्यांचं आयुष्य त्या २८० किलोवर ठरतं. गाडी घ्यायला एकदा पैसे लागतात, ट्रॅकवर जायला प्रत्येक वेळी लागतात.

आणि पेडल मऊ होतं ते बहुतेक वेळा पॅडमुळे नाही, ब्रेक ऑइलमुळे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ऑइल कोरडं असेल तर कमीत कमी २३० अंशाला उकळतं, पाणी धरलेलं १५५ लाच उकळू शकतं. उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. आपली ठाणे-नवी मुंबईची हवा म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, पापड वाळत नाहीत इथे जुलैत. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं?

वागळेचा_डायवाला

ताई... गाडी घेतल्यापासून नाही. म्हणजे सर्व्हिसवाल्यांनी बदललं असेल तर माहीत नाही. लाज वाटली लिहिताना.

गिअरवाली

लाज कसली, मी पण असंच शिकलेय, फक्त मी ट्रॅकबाहेरच्या खडीत जाऊन शिकले :)

मग केमनच घ्या असं म्हणतेय का मी? थांबा. ट्रॅकवर जीटी४ चांगली यात वादच नाही, इंजिन मधे असल्यामुळे वळणात शिरताना नाक लगेच वळतं, आणि टर्बो नसल्यामुळे उकाड्यात दहा राऊंडनंतरही उजव्या पायाला तेच उत्तर मिळतं जे पहिल्या राऊंडला मिळालं. टर्बो गाडीत हवा गरम झाली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच हात आखडता घेतो. (टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही गरम हवेत कमी होतेच, पण ती चढउतार न होता होते.) काही जण जीटी४ मध्ये जीटी३ चं इंजिन आहे म्हणून सांगतात, ते नाही, जीटी३ चं इंजिन ते जीटी४ आरएस मध्ये, ५०० पीएसचं.

पण रस्त्यावर तिची एक खोड आहे, जगभर सगळे तेच लिहितात. गिअर लांब आहेत. दुसरा गिअर १३० च्या पुढे जातो. म्हणजे ते ८००० आरपीएमचं गाणं दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ऐकायचं तर एक्स्प्रेसवेची मर्यादा सुद्धा मोडावी लागेल. पाम बीच रोडला तर पहिल्या गिअरमध्येच मर्यादा संपते. मग तुम्ही ठाण्यात ऐकणार काय?

सीवूड्स_०४२

ताई समृद्धीवर १२० आहे की, आमण्यापासून सुरू होतो आता, भिवंडी पार केलं की झालं.

गिअरवाली

आहे ना. ७०१ किलोमीटर सरळ. तेवढ्या पेट्रोलचा खर्च करून तिसऱ्या गिअरमध्ये १२० वर बसून राहायला पोर्श कशाला, इनोव्हा न्या, झोप चांगली लागते (ड्रायव्हरला नको लागायला).

डांबर_निरीक्षक

मी विमा क्षेत्रात आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, कोणी बोलत नाही यावर. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून एक परिच्छेद असतो, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे स्पष्ट वगळलेलं असतं. झिरो डेप घेतलं, इंजिन प्रोटेक्ट घेतलं, रिटर्न टू इनव्हॉइस घेतलं तरी ट्रॅकवर भिंतीला गाडी लावली तर ते तुमचं तुम्ही बघायचं. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही असा वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही तुटलेल्या गाडीशेजारी उभं राहून घालणार आहात. तेव्हा जी गाडी पूर्ण गेली तर सहन होईल तीच ट्रॅकवर न्या.

आणि रस्त्यावरच्या "ट्रॅक"बद्दल: मोटर वाहन कायद्याचं कलम १८९, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. रविवारी सकाळी पाम बीचवर काय चालतं ते नेरुळकरांना विचारा, झोप उडालेली असते बिचाऱ्यांची.

नेरुळ_सेक्टर_कितीतरी

+१००. उडालेलीच असते.

वागळेचा_डायवाला

डांबरसाहेब तुमचा प्रतिसाद वाचून कालपासून अस्वस्थ आहे. "जी गाडी पूर्ण गेली तर सहन होईल". अशी माझ्याकडे एकच आहे, ती पोलो.

खारघरचा_नाना

सेकंडहँड घेताना कागद बघा. महाराष्ट्रातच पासिंग असेल तर नावावर करणं सोपं. परराज्यातली घेतलीत तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स परत भरायचा, आणि आयात गाडीला तो दर २०% आहे. १ जुलै २०२५ पासून कमाल मर्यादाही २० लाखांवरून ३० लाख केलीय. दिल्लीची गाडी चार लाखांनी स्वस्त म्हणून आणणाऱ्या माझ्या एका मित्राचं तोंड आरटीओतून बाहेर पडताना बघण्यासारखं होतं.

बाकी एम२ मेक्सिकोत बनते आणि पूर्ण तयार येते, २०२३ ला इथे आली तेव्हा एक्स-शोरूम ९८ लाख होती. पोर्शने पेट्रोलवाली ७१८ बनवणं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं, त्यामुळे जीटी४ ज्याच्याकडे आहे तो आता भाव धरून बसलाय. विकायला काढतात आणि फोन केला की "बघू" म्हणतात.

येऊरचा_बिबट्या

मस्करी बाजूला. दादा तुमच्या सोसायटीत पार्किंग कसलं आहे? बेसमेंटचा रॅम्प बघितलात का? आमच्या सोसायटीत एकाने खाली गाडी आणली, मॉडेल सांगत नाही, आली ती चार महिने बिल्डिंगबाहेर रस्त्यावर कव्हर घालून उभी होती, कारण रॅम्पच्या तळाला पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासत होता. शेवटी कबुतरांनी जिंकली ती गाडी.

वागळेचा_डायवाला

अरे बापरे. हे डोक्यातच नव्हतं. बघतो.

वागळेचा_डायवाला

(दहा दिवसांनी)

मंडळी, बघितलं, आणि नुसतं बघितलं नाही.

नाना देवमाणूस, त्यांनी खारघरला त्यांच्या एम२ ची मापं घेऊ दिली. जीटी४ ची मापं एका कस्टमरच्या ओळखीतून मिळाली, पवईला. मी खाली झोपून पट्टी लावत होतो तेव्हा मालकांनी चहा पण दिला आणि संशयाने बघतही होते. मग वर्कशॉपला १२ मिमीच्या प्लायवूडमध्ये दोन्ही गाड्यांची बाजूची आकृती एकास एक मापात कापली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), पुढचा ओठ, पोटाची उंची, सगळं. चाकांच्या जागी ट्रॉलीची जुनी चाकं लावली, म्हणजे ढकलता येईल. रात्री साडेअकराला दोन पोरांना घेऊन सोसायटीच्या रॅम्पवर उतरवली.

निकाल: दोन्ही घासतात. पण वेगवेगळ्या जागी! जीटी४ चा व्हीलबेस लहान, २४८४ मिमी, त्यामुळे रॅम्पच्या वरच्या कडेवरून पोट अलगद जातं पण तळाला पुढचा ओठ टेकतो. एम२ चा २७४७, तिचा ओठ तळाला कसाबसा वाचतो पण वर कडेवर पोट टेकतं. तिरकं घेतलं की एम२ दोन्हीकडे सुटते. जीटी४ तिरकी घेऊनही बोटभर कमी पडते.

वॉचमन विचारत होता साहेब ही नाटकाची गाडी आहे का. सेक्रेटरींचा सकाळी मेसेज, रात्री रॅम्पवर "लाकडी वाहन" फिरवणाऱ्यांनी कार्यालयात भेटावे.

गिअरवाली

लाकडी वाहन!!! मी ऑफिसात मोठ्याने हसले. पण खरंच, हे काम एवढ्या नीट कोणी केलेलं मी पाहिलं नाही. प्लायवूड टाकू नका, भाड्याने द्या.

सीवूड्स_०४२

रॅम्पचं काँक्रीट तासून घ्या की. गाडी दीड पट महागाची घेताय आणि दहा हजाराचा गवंडी नको? रॅम्पमुळे कोणी जीटी४ सोडतं का.

डांबर_निरीक्षक

सोसायटीच्या सामाईक जागेतलं काँक्रीट तासायला जनरल बॉडीचा ठराव लागेल. आमच्याकडे रॅम्पला नुसता रंग मारायला सव्वा वर्ष लागलं.

वागळेचा_डायवाला

चालवून आलो दोन्ही, म्हणून शेवटचं सविस्तर लिहितो.

जीटी४ आधी. बसल्यावर कळतं की ही वस्तू कोणीतरी हट्टाने बनवलीय. स्टीअरिंग पहिल्या वीस मीटरमध्ये बोलायला लागतं, रस्त्यावरचा पट्टा ओलांडला तरी हाताला कळतो, आणि ताई म्हणतात तसं कानामागे ते इंजिन. पण खरं सांगू का, मी पूर्ण वेळ हळूच चालवत होतो. ट्रॅफिक पण होतं, पण मुख्य म्हणजे भीती. दुसऱ्यांची म्हणून नाही, स्वतःची असती तरी अशीच चालवली असती. एकदाच पूल उतरताना ६००० पर्यंत नेली आणि लगेच पाय काढला. उरलेले दोन हजार कुठे वापरणार हे डोळ्यासमोर आलं, वर्षातून दोनदा कोइंबतूर, आणि तिथे सुद्धा डांबरसाहेबांचा तो परिच्छेद डोक्यात घेऊन. मी पहिल्याच वळणाला लवकर ब्रेक मारणार. पोलोमध्ये मी उशिरा मारतो.

एम२. पहिल्यांदा वाटलं केवढी ही, क्लच जरा जड, गिअर टाकताना केमनसारखा टकटक मजा येत नाही, थोडा रबरी लागतो. आसनं मात्र अप्रतिम. मुलगी मागे बसली होती, तिचं डोकं छताला लागत नाही, अजून चार वर्षं तरी नाही लागणार. मालकांना विचारून कशेळीच्या पुढे थोडा मोकळा रस्ता मिळाला तिथे दुसऱ्यातून तिसरा टाकला, ऐंशीच्या आतच, आणि पाठ सीटला चिकटली. मागून आवाज, "बाबा परत".

ट्रॅकला पोलो नेणार. ताईंना विचारून पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवं टाकलं, जुनं काढलं ते चहाच्या रंगाचं होतं. टायरचा एक सेट फक्त ट्रॅकसाठी ठेवणार. ती गेली तर दोन दिवस रडेन, पण घर चालेल.

आणि हो, टोकन दिलं. एम२, मॅन्युअल, एमएच०४ चीच, एकच मालक, रंग झांडव्होर्ट निळा. बायको म्हणाली हा आपल्या जुन्या वॉटर प्युरिफायरचा रंग आहे.

सीवूड्स_०४२

चूक केलीत. पण अभिनंदन.

गिअरवाली

अभिनंदन दादा! पुढच्या वेळी करीला पोलोच्या डावीकडच्या सीटवर मी बसणार, दुसऱ्या वळणाला तुम्ही नक्की फार लवकर आत शिरता, न बघताच सांगते, पहिल्यांदा सगळे शिरतात.

वागळेचा_डायवाला

ताई डन. हेल्मेट एक्स्ट्रा आहे.

खारघरचा_नाना

वा वा! आता ठाणे-नवी मुंबईत या धाग्यावरच्या दोन झाल्या. येत्या रविवारी सकाळी मी येतो ठाण्याला, दोन्ही गाड्या शेजारी लावून फोटो काढू आणि मामलेदारची मिसळ. तिखट.

येऊरचा_बिबट्या

नाना, मामलेदारला पार्किंग नाही. रिक्षाने या.